एका सेंटिमीटरचं तारुण्य

गेली पस्तीसएक वर्षं मी लोकांना मान वळवायला सांगते आहे. दिल्लीत हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. इथे मान कुणापुढे आणि किती वळवायची याचे अलिखित नियम आहेत, आणि सोनोग्राफीच्या खोलीतली बाई त्या नियमांत कुठेच बसत नाही. तरी दिवे मंद केले आणि थंडगार जेली मानेला लावली की भलाभला अधिकारीसुद्धा सांगू त्या बाजूला मान करतो. बोलू नका म्हटलं की बोलत नाही, गिळू नका म्हटलं की गिळत नाही. एवढी आज्ञाधारक दिल्ली मला त्या खोलीबाहेर कधी भेटली नाही.

माझं काम रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचं. सोनोग्राफी म्हटलं की लोकांना फक्त बाळ आठवतं. त्यात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी कायद्याने खोलीत लावावीच लागते. एकदा गाझियाबादचे एक सत्तरीचे गृहस्थ मानेची तपासणी करून घेताना ती पाटी निरखत पडले होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मैडम, हमारी गर्दन में ऐसा कुछ निकलने की गुंजाइश है क्या?" मी नाही म्हटलं. त्यांना खरोखर हायसं वाटलेलं दिसलं.

आमच्या शाळेच्या पुस्तकात शुद्ध रक्ताच्या वाहिनीला रोहिणी आणि अशुद्ध रक्ताच्या वाहिनीला नीला म्हणत. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीला बरीच वर्षं वाटत होतं की रोहिणी आणि नीला या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी असाव्यात आणि दोघींची तब्येत सतत बिघडत असावी.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. आपल्या हातातल्या प्रोबमधून, म्हणजे मानेवर टेकवायच्या दट्ट्यातून, आवाज शरीरात जातो, आपटून परत येतो आणि पडद्यावर त्याचं करडं चित्र होतं. मानेतली मुख्य रक्तवाहिनी आडवी धरली की तिची भिंत दोन बारीक पांढऱ्या रेघांसारखी दिसते. पहिली रेघ ते दुसरी रेघ हे अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या थरांची जाडी. तरुण माणसात ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, वयानुसार वाढत जाते. पूर्वी हे अंतर आम्ही डोळे बारीक करून हाताने मोजायचो. सकाळी ताजेपणी एक आकडा यायचा, दुपारी जेवणानंतर दुसरा. मग चित्र वाचणारी सॉफ्टवेअर आली. भिंतीचा सरळ, सपाट, साधारण सेंटिमीटरभराचा तुकडा दाखवायचा. यंत्र स्वतःच दोन्ही रेघा ओळखतं, ठिकठिकाणी अंतर मोजतं, सरासरी काढतं. यंत्राला झोप येत नाही. मला ते मनापासून आवडलं.

बिघडलं ते पुढे. कुणाच्या तरी डोक्यात आलं की मिलिमीटरचा आकडा लोकांना कळत नाही, तर त्याचं वयात रूपांतर करून सांगावं. 'तुमच्या रक्तवाहिन्यांचं वय अमुक.' कल्पना वाईट नव्हती. पण वय हा विषयच असा आहे की त्यात शहाण्यासुरत्या माणसाचं डोकं चालेनासं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये अशा एका कंपनीने दिल्लीतल्या मराठी मंडळींसाठी मोफत शिबिर भरवलं. जागा कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहाचं सभागृह. तोवर मी निवृत्त होऊन नोएडातल्या एका केंद्रात आठवड्याचे थोडेच दिवस जात होते. मला 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावलं होतं. म्हणजे व्यासपीठावर कडेची खुर्ची, हातात गुच्छ आणि बोलायची संधी नाही. समई होती, शाल होती, नारळ होता, मोबाईलने फोटो काढणारे होते. ज्या यंत्रासाठी हे सगळं चाललं होतं ते कोपऱ्यात पडद्याआड होतं.

प्रमुख पाहुणे बरेच वरचे अधिकारी. त्यांची तपासणी सर्वांसमक्ष करून शिबिराचं उद्घाटन करायचं ठरलं होतं. कंपनीच्या तरतरीत तंत्रज्ञाने प्रोब लावला, पडद्यावर आकडा उमटला: एकाहत्तर. साहेब चौपन्न वर्षांचे. आयोजक घाईने म्हणाले, "एक बार और देख लीजिए, बेटा." प्रोब जरा कलता केला, प्रकाश कमी-जास्त केला, बासष्ट आले. तिसऱ्या खेपेला साहेब शेहेचाळीस वर्षांचे झाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या झपाट्याने तरुण झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मला म्हणाले, "बघा, विज्ञान कुठे पोचलंय!" मी गुच्छातलं फूल हुंगलं.

साहेबांनंतर रांग लागली, आणि त्या रांगेत घोरपडे सुभेदार होते.

सुभेदार मेजर घोरपडे नोएडात आमच्याच सेक्टरमध्ये, पलीकडच्या इमारतीत मुलाजवळ राहतात. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, अर्धं आयुष्य छावण्यांमध्ये. वय सहासष्ट, पाठ ताठ, मिशी त्याहून ताठ. निवृत्तीनंतरही सोसायटीच्या सुरक्षारक्षकांची सकाळची हजेरी कुणी न सांगता घेतात. त्यांच्या बाबतीत यंत्राने पहिल्याच खेपेला सांगितलं: एकोणपन्नास. ते खरं होतं, मीही पडदा पाहिला. रेघा स्वच्छ, सरळ, पातळ. त्यांना सोनेरी कडेचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर ४९ हा आकडा वीतभर आणि खाली पाहुण्यांची सही.

फौजेतला माणूस सहीशिक्क्याचा कागद हुकूम म्हणूनच वाचतो. आठवड्याभरात प्रमाणपत्राला फ्रेम झाली आणि ती दिवाणखान्यात, महाराजांच्या तसबिरीखाली लागली. कुणी वय विचारलं की सुभेदार विचारत, "कुठलं? सर्व्हिस रेकॉर्डचं की मेडिकलचं?"

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांच्या पत्नी, मालनवहिनी, माझ्याकडे आल्या. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा द्यायला आल्या होत्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "ताई, इथं चष्म्याचं बरं दुकान कुठलं हो?"

"का? तुम्हाला हवाय?"

"मला न्हाई, ह्यांना. दोन चष्मे झाले. तिसराबी बेकार निघाला. सेक्टर अठराच्या मार्केटातला तो चष्मेवाला तर आता ह्यांना बघितलं की दुकानाच्या आतच जातो."

"होतंय काय नेमकं?"

"डोळ्यावर पडदा पडतो म्हणतात. वरनं खाली येतो, काळाकुट्ट. चार-पाच मिनिटं राहतो आणि आपला आपण उठतो. काल पेपर वाचताना झालं. म्हणाले, चष्म्याचं कनेक्शन गेलं. मी म्हटलं, चष्म्याला काय कनेक्शन असतंय का?"

मी कप खाली ठेवला. "दोन्ही डोळ्यांना होतं?"

"न्हाई. डाव्याच. उजवा हातानं झाकला की म्हणतात, बिल्कुल अंधार."

"किती वेळा झालंय, वहिनी?"

"हे तिसऱ्यांदा. ताई, तुमचं तोंड असं का झालं?"

माझ्या धंद्यात तोंड कोरं ठेवायची सवय लागते. ती त्या दिवशी उपयोगी पडली नाही. एका डोळ्यावर वरून पडदा पडतो आणि उठतो, तेव्हा बऱ्याचदा डोळ्याचा दोष नसतो. मानेतल्या रक्तवाहिनीत साचलेल्या थराचा कण सुटतो आणि रक्ताबरोबर डोळ्यापर्यंत जातो. कण विरला की पडदा उठतो. पुढचा कण डोळ्याऐवजी मेंदूकडे गेला तर अर्धं अंग आणि वाचा जाऊ शकते. आणि तो पुढचा कण कधी सुटेल याचं वेळापत्रक नसतं. मी वहिनींना हे शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी पदराने डबा पुसला, आधीच स्वच्छ होता तो, आणि म्हणाल्या, "मग उठा. फोन लावा त्यांना. माझं ऐकायचे न्हाईत."

माझंही ऐकलं नाही.

"डॉक्टर मॅडम," सुभेदार फोनवर म्हणाले, "मानेच्या नळ्या एकोणपन्नास वर्षांच्या आहेत माझ्या. लेखी आहे."

"सुभेदारसाहेब, डोळ्यावर पडदा पडतो म्हणजे त्याची दोरी मानेत असू शकते. आजच बघायला पाहिजे."

"मानेची इन्स्पेक्शन झालेली आहे. तुम्ही हजर होता. पंधरा ऑगस्टनंतर डोळ्याचं बघू. झेंड्याची परेड माझ्याकडे आहे."

पंधरा ऑगस्टला अजून दहा-अकरा दिवस होते. फोन ठेवल्यावर वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "त्या फ्रेमवर मी हातोडा घालते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "थांबा. फ्रेमचाच उपयोग करू."

मी पुन्हा फोन लावला. सांगितलं की दुपारी आमच्या केंद्रात तंत्रज्ञांना शिकवायचं आहे आणि उत्तम रक्तवाहिनी कशी दिसते ते दाखवायला माणूस हवा आहे. प्रमाणपत्र असलेला. यात खोटं काही नव्हतं. दर मंगळवारी मी शिकवतेच, आणि उत्तम रक्तवाहिनीचा माणूस नेहमीच हवा असतो.

पलीकडून विचारणा: "वर्दी काय?"

"पुढे बटणं असलेला शर्ट."

"वेळ?"

"दोन."

दोनला पाच मिनिटं कमी असताना सुभेदार इस्त्रीच्या शर्टात हजर. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फ्रेम. मागे वहिनी, ओठ घट्ट मिटून. आमची तंत्रज्ञ रेणू हिने त्यांना पलंगावर झोपवलं. सुभेदार सावधानच्या स्थितीत झोपले. मी झोपूनही सावधान असलेला माणूस प्रथमच पाहिला.

"मैडम, पहले सॉफ्टवेयर चलाऊँ?" रेणूने विचारलं.

मी हो म्हटलं. डाव्या बाजूचा तोच सरळ सेंटिमीटरभराचा तुकडा धरला. दोन रेघा, स्वच्छ, समांतर, पाहत राहावं अशा. यंत्राने आकडा दिला: पन्नास. सुभेदारांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "चार महिन्यांत एकच वर्ष," ते वहिनींना म्हणाले.

मग मी प्रोब वर सरकवला. जबड्याच्या खाली ही वाहिनी दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे जातो, दुसरा डोळा आणि मेंदूकडे. थर साचतो तो बहुतेक या दुभंगाच्या वळणावर, कारण तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो. करड्या चित्रात तिथेही सगळं नितळ काळं दिसत होतं. रक्त काळंच दिसतं. रेणू हळूच म्हणाली, "क्लीन है."

क्षणभर मलाही ते खरं असावंसं वाटलं. मग मी रंगाचं बटण दाबलं.

रंग लावला की वाहणारं रक्त तांबडं किंवा निळं दिसतं. त्याचा शुद्ध-अशुद्धशी संबंध नाही; आपल्याकडे येणारं आणि दूर जाणारं, एवढंच. निरोगी वाहिनीत रंग काठोकाठ भरतो. इथे मेंदूकडच्या फाट्यात रंग कडेने बारीक धारेसारखा निघाला, आणि त्या चिंचोळ्या जागेत तांबडं, निळं, पिवळं सगळं एकमेकांत कालवलेलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्टरच्या नालीत दिसतं तसं. उरलेली सगळी काळी जागा रक्त नव्हतीच. मऊ, चरबीचा थर होता. असा थर करड्या चित्रात रक्तासारखाच काळा दिसतो, आणि नेमके अशाच थराचे कण सुटतात.

मी आवाज सुरू केला. रक्ताचा नेहमीचा आवाज मऊ असतो, भाता चालल्यासारखा. इथे उंच, कर्कश सूर.

"ही शिट्टी कोण मारतंय?" सुभेदारांनी विचारलं.

"तुमची मान, सुभेदारसाहेब."

शिट्टी चालू होती. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे कागद खोटा आहे."

"खोटा नाही. एका सेंटिमीटरपुरता खरा आहे. यंत्राने पाहिला तेवढा रस्ता चांगलाच आहे. पुढच्या वळणावर ते गेलंच नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

सुभेदार छताकडे बघत होते. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "जनरलसाहेब इन्स्पेक्शनला यायचे ना, मॅडम," ते म्हणाले, "तेव्हा ते ज्या रस्त्याने जाणार तेवढ्याच रस्त्याच्या विटांना आम्ही गेरू-चुना मारायचो. पलीकडे कधी बघायचे नाहीत. तीस वर्षं मी स्वतः उभं राहून मारून घेतलाय." ते उठून बसले, रुमालाने मानेची जेली पुसली. "हुकूम सांगा."

हुकूम सोपा होता: इथूनच थेट इस्पितळ. सून गाडी घेऊन आली. संध्याकाळपर्यंत रक्त पातळ राखण्याची औषधं सुरू झाली आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली: मानेतली वाहिनी उघडून थर काढायचा आणि शिवून टाकायची. मधले चार दिवस मी फोनच्या प्रत्येक घंटीला दचकत होते. यंत्र, सॉफ्टवेअर, सगळं जिथे संपतं तिथून हे दिवस सुरू होतात, आणि ते मोजायचं अजून काही निघालेलं नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी वहिनी आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. वहिनींच्या मांडीवर ती प्लास्टिकची पिशवी होती. फ्रेम माझ्या केंद्रात राहिली होती आणि मी ती त्यांना परत द्यायला नेली होती. जागा चुकली हे मला पोचल्यावर कळलं. वहिनी मात्र ती घट्ट धरून बसल्या. एकदाच म्हणाल्या, "ताई, हे आता मला सारखे ओरडून बोलतात ना, तसंच बोलू देत. मी काही म्हणायची न्हाई."

सर्जन बाहेर आले ते हातात छोटी बाटली घेऊन. तळाशी पिवळट, मऊ काहीतरी. "सब ठीक है, माताजी. बात कर रहे हैं." वहिनींनी बाटलीकडे बघितलं. "एवढंसं?" म्हणाल्या, आणि मग इतका वेळ अडवून धरलेलं रडू त्यांना आलं. मीही चष्मा पुसला. माझा चष्मा चांगला आहे, कनेक्शनही शाबूत आहे.

'बोलताहेत' ही सर्जनची जरा अतिशयोक्ती होती. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज काही दिवस बसतो. सुभेदारांचा बसला तो चांगला तीन आठवडे. पंधरा ऑगस्टला ते खुर्चीवर होते आणि परेडचा हुकूम दुसऱ्या इमारतीतल्या एका बँक मॅनेजरने दिला, 'विश्राम' आधी आणि 'सावधान' नंतर. सुभेदारांना शस्त्रक्रियेचं दुखणं एवढं लागलं नसावं. घोगऱ्या आवाजात ते मला म्हणाले, "मॅडम, डोळा वाचवलात. हे बघायला."

माझ्या मनात एक खुपतं ते सांगायला हवं. त्या शिबिरात पुष्कळ लोकांना तशी प्रमाणपत्रं मिळाली. मी आयोजकांना फोन केला, म्हटलं, सगळ्यांना कळवा की हा आकडा भिंतीच्या एका तुकड्याचा आहे. डोळ्यावर पडदा, हाताला मुंग्या, जीभ जड असं काही झालं तर फ्रेमकडे बघत बसू नका. त्यांनी ऐकून घेतलं. संदेश गेला, पण शुभेच्छांच्या गर्दीत, खाली हात जोडलेलं चित्र टाकून. पुढच्या वर्षीच्या प्रमाणपत्रावर तशी ओळ छापलीही, माझ्या चष्म्यातूनही वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरात. सगळ्यांच्याच घरी चटणीचा डबा घेऊन निघणाऱ्या मालनवहिनी नसतात, एवढंच मनात येतं.

यंत्रावर माझा राग नाही. विचारलं तेवढंच सांगतं आणि न विचारलेल्या गोष्टीबद्दल गप्प बसतं. हा गुण या शहरात दुर्मिळ आहे. प्रश्न पूर्ण विचारायचं काम आपलं.

गेल्या महिन्यात मी सकाळी सुभेदारांकडे गेले, वर्षाच्या तपासणीची आठवण करायला. दार वहिनींनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत सुभेदार भिंतीपासून आठ-दहा पावलं दूर, ताठ उभे. उजव्या डोळ्यावर तळहात. फ्रेम जागच्या जागी होती. शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना सांगितलं होतं की रोज सकाळी एकेक डोळा झाकून दूरचं काहीतरी वाचत जा. पडदा आलाच तर लगेच कळेल. त्यांनी घरातला सगळ्यात मोठ्या अक्षरांपासून सगळ्यात बारीक अक्षरांपर्यंत उतरणारा एकमेव कागद निवडला होता.

आवाज परत पूर्वीसारखा झालेला. वरच्या ओळीपासून त्यांनी खणखणीत वाचत आणलं, मोठा आकडा, नाव, तारीख, शिबिराचं ठिकाण. शेवटच्या ओळीशी थबकले.

मी पुढे झाले. "काय झालं? दिसत नाहीये?"

"दिसतंय बिल्कुल साफ," डोळ्यावरचा हात न काढता ते म्हणाले. "पाहुण्यांची सही आहे. ती वाचता येत नाही."

"ती कुणालाच येणार नाही," मी म्हटलं, आणि वहिनींनी चहा ठेवला.